मातीतल्या माणसाला होत नाही म्हणे!

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात, बैलांच्या दावणीपासून चार पावलांवर, चहाच्या गाड्यापाशी उभा होतो. शेजारच्या बाकड्यावर कुणाच्या तरी पोराच्या शिंकांचा विषय चालला होता. गळ्यात टॉवेल टाकलेल्या एका गृहस्थांनी बशीतला चहा संपवला आणि निकाल देऊन टाकला: "अलर्जी-बिलर्जी हे पुण्या-मुंबईच्या पोरांचं. आपण मातीतली माणसं, आपल्याला काय व्हतंय?" बाकड्यावरच्या चार माना हलल्या. निकाल कायम झाला.

हे वाक्य मी श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, सोसायटीच्या ओट्यावर ऐकलंय. बोलणारे बदलतात, वाक्य तेच राहतं. त्यामागचा विचार नीट उलगडून मांडतो, म्हणजे मी त्यांच्यावर अन्याय केला असं कुणी म्हणणार नाही. तो असा: शेणामुतात वाढलेलं, विहिरीचं पाणी प्यायलेलं, उन्हातान्हात रापलेलं शरीर दणकट असतं. बाटलीतल्या पाण्यावर आणि पंख्याखाली वाढलेलं शरीर नाजूक असतं. नाजूक शरीराला काहीच सोसत नाही. धूळ सोसत नाही, शेंगदाणा सोसत नाही, मांजर सोसत नाही. यालाच ॲलर्जी म्हणतात. तेव्हा शेतकऱ्याला ती होणं शक्य नाही, आणि एखादा म्हणालाच की मला होते, तर तो कामचुकार तरी आहे, शहराचं वारं लागलेला तरी आहे, नाहीतर त्याचं रक्त तरी बिघडलंय. उपाय? दणकून काम, सकाळी कडुलिंबाचा रस, आणि फारच झालं तर डॉक्टरची एक सुई.

ऐकायला किती छान वाटतं! राबणाऱ्याचा मान राहतो, शहरवाल्याला चिमटा बसतो, शिवाय खर्च काहीच नाही. अडचण एवढीच की हे खोटं आहे. थोडंफार खोटं असतं तर सोडून दिलं असतं. हे उलटं आहे.

आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते. घोड नदीच्या अंगाला तीन एकर, त्यात दीड एकर लिंबू, बाकी कांदा आणि जनावरांपुरता घास. मातीतला माणूस कसा असतो हे दाखवायला कुणाला न्यायचं झालं तर मी त्यांच्याकडेच नेईन. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, श्रावणात, त्यांची मान खाजायला लागली. मग पापण्या सुजल्या, मग कोपराच्या खळग्या. थंडीत जरा कमी झालं, पुढच्या पावसाळ्यात दुप्पट झालं. नायटा समजून मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. इसब समजून एकानं लेप दिला. रक्त साफ करणारा काढा झाला, पित्ताचं पथ्य झालं, एका देवऋष्यानं बांधावरच्या म्हसोबाचं काहीतरी राहिलंय असंही काढून दिलं. तीन वर्षांत मानेचं कातडं बैलाच्या खांद्याला जू घासून घट्टा पडतो तसलं झालं: जाड, काळं, घड्या पडलेलं. आणि या सगळ्यात एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असून कुणी पाहिली नाही. अंगरखा काढला की आतलं अंग स्वच्छ होतं. टोपीच्या आतलं डोकंही स्वच्छ. उघड्यावर असलेलंच तेवढं जळालं होतं. बिघडलेल्या रक्ताला कॉलर कुठे संपते हे कसं कळतं, असा साधा प्रश्न तीन वर्षांत आमच्या घरातल्या एकाही शहाण्याला पडला नाही. मलाही पडला नाही. तेव्हा मीही मान हलवणाऱ्यांतच होतो.

दुखणं गाजर गवताचं होतं. काँग्रेस गवत म्हणा, पांढरफुली म्हणा, कुठे चटकचांदणी म्हणतात. कुकडीच्या चाऱ्यांच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या कुंपणाबाहेर, ग्रामपंचायतीच्या उकिरड्यावर, आवर्तन सुटलं की आठ दिवसांत हिरवंगार उभं राहणारं ते. एका झाडाला हजारोंनी बी. आर. एस. राव यांनी 1956 साली पुण्यातून त्याची भारतातली नवी वनस्पती म्हणून नोंद केली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून ते आलं ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीच्या, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबरोच्या कलकत्त्याच्या यादीत याच झाडाचं नाव सापडतं हे मात्र कुणी सांगत नाही. असो, आलं कुठून हा वाद इतिहासकारांचा. आपल्या मुद्द्याला महत्त्वाचं साल वेगळं आहे. 1974 मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या दोन परदेशी त्वचारोगतज्ज्ञांसह गाजर गवतानं होणाऱ्या त्वचादाहावर लंडनच्या एका नियतकालिकात निबंध लिहिला. म्हणजे पन्नास वर्षं होऊन गेली. आपल्याच पट्ट्यात, आपल्याच गवतानं, आपल्याच माणसांच्या कातडीवर घडलेली ॲलर्जी लंडनच्या कागदावर उमटून पन्नास वर्षं झाली आणि आम्ही काष्टीच्या बाजारात अजून म्हणतोय, आपल्याला काय व्हतंय!

बरं, हा आजार होतो कुणाला? एसीत बसणाऱ्याला? त्याबद्दल जिथे जिथे लिहिलं गेलं, तिथे रुग्णाचं चित्र एकच आहे: मध्यमवयीन, बहुतेक पुरुष, वर्षानुवर्षं उघड्यावर काम करणारा, शेतकरी किंवा मजूर. दणकटपणाचे निकष लावून निवड केली असती तरी याहून वेगळी माणसं निघाली नसती.

आता "नाजूक शरीर" या शब्दाकडे येऊ, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. गाजर गवताच्या पानाखोडावर बारीक लव असते. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. झाड वाळलं की ही लव भुगा होऊन वाऱ्यावर उडते आणि घामेजल्या मानेवर बसते. पार्थेनिनचा कण इतका लहान की एकटा असता तर शरीरानं त्याची दखलही घेतली नसती. पण तो कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो आणि आपलंच प्रथिन परकं दिसू लागतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी त्याचा नमुना उचलून मानेतल्या, काखेतल्या गाठींपर्यंत नेतात. तिथे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना तो दाखवला जातो. एखादी टी-पेशी त्याला ओळखते, वाढते, तिच्या हजारो प्रती तयार होतात आणि त्यातल्या काही आयुष्यभर ती ओळख जपून बसतात. एवढं होईपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. खाज नाही, पुरळ नाही. पुढच्या वेळी कण बसला की मात्र त्या पेशी धावत येतात आणि एक-दोन दिवसांत कातडी पेटते.

बांधाचं भांडण आठवा. शेजारी दर वर्षी नांगर घालताना एक तास आत सरकतो. दहा वर्षं कुणी बोलत नाही. एके दिवशी मोजणी येते, खुणा रोवल्या जातात, दावा लागतो. त्यानंतर शेजाऱ्याचं वीतभर जरी आत आलं तरी काठ्या निघतात. आता यावर कुणी म्हणेल का, की दहा वर्षं चाललं तर आजच कसं भांडण झालं, म्हणजे हा माणूस दुबळा झालाय? तो दुबळा नाही, त्याच्याकडे आता कागद आहे. ॲलर्जी झालेल्या शरीराकडेही कागद असतो.

दुबळेपणाचा हिशोब लावायचाच असेल तर तो कसा लागतो तेही पाहा. क्षयाच्या संशयात हाताच्या आतल्या बाजूला एक बारीक सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी गाठ उठली का ते पाहतात, ती माँटू चाचणी गावात सगळ्यांना माहीत आहे. ती आणि गाजर गवताचा दाह एकाच जातीचे: टी-पेशींचे, सावकाश उठणारे, शास्त्राच्या वहीत चौथ्या प्रकारात बसणारे. आणि माणूस उपासमारीनं किंवा मोठ्या आजारानं खरोखर खंगला असेल, प्रतिकारशक्ती खरोखर ढासळली असेल, तर आत क्षय असूनही ही गाठ कित्येकदा उठतच नाही. उठायला बळ लागतं! तेव्हा तात्यांच्या मानेवर जे पेटलं होतं ते दुबळ्या शरीराचं रडगाणं नव्हतं, ते धडधाकट प्रतिकारशक्तीनं चुकीच्या माणसावर उगारलेलं दांडकं होतं. 1906 साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिरकेनं "ॲलर्जी" हा शब्द घडवला तोच ग्रीक भाषेतल्या "वेगळं" आणि "काम" या दोन शब्दांपासून. कमी काम असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. आमच्या मराठीत त्याला वावडं म्हणतात आणि तिथेच घोळ झाला. वांग्याचं वावडं, सासरच्या लोकांचं वावडं, कामाचं वावडं. एकाच शब्दात आवडनिवड, राग आणि आजार कोंबल्यावर आजारी माणूस नखरेल न दिसला तरच नवल.

"पण जन्मभर त्याच गवतात गेला की तो! आजवर काही झालं नाही, आताच कसं?" हा या मंडळींचा हुकमी एक्का. आजवर झालं नाही, म्हणून होणार नाही. जितकं जास्त अंगावर घ्याल तितकी सवय लागेल. शास्त्रज्ञांचंही एकदा असंच मत होतं. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच संशोधक 1901 मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जिवांच्या विषाचा अभ्यास करायला गेले. परत येऊन पॅरिसमध्ये त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचलं. पहिल्या डोसातून वाचलेल्या कुत्र्यांना काही आठवड्यांनी अगदी थोडं विष पुन्हा दिलं. अपेक्षा अशी की आता ती सरावली असतील. कुत्री काही मिनिटांत कोसळली. शरीर सरावण्याऐवजी बिथरलं होतं. या शोधाबद्दल 1913 साली रिशेला नोबेल मिळालं. आमच्या बाकड्यावरचं शास्त्र 1901 च्या जहाजावरून अजून उतरलेलं नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांचं कशाला, गांधीलमाशीचं घ्या. लिंबाच्या बागेत पोळं लागलेलं असतंच. पहिल्यांदा चावते, सुजतं, चुना लावतात, विसरतात. काही थोड्या माणसांच्या शरीरात मात्र त्या चाव्यानंतर त्या विषाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. बार भरलेला, चाप ओढायचा बाकी. पुढच्या चाव्याला काही मिनिटांत अंगभर गांधी उठतात, घसा दाटतो, रक्तदाब पडतो. तिथे पहिलवानकी उपयोगाची नाही. तिथे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिन द्यावं लागतं, मोठ्या माणसाला एक हजारास एक या द्रावणाचं अर्धा मिली, आणि ते लगेच. एव्हिल आणि स्टेरॉइडची सुई हे त्यानंतरचं काम. गंमत पाहा: ज्या गावात खाजेला ऊठसूट सुई मारून घेतात, त्याच गावात सुईवर जीव अवलंबून असतो तेव्हा "थोडं झोपू द्या, बरं वाटेल" म्हणतात.

मातीवाल्यांच्या बाजूनं एक खरी गोष्ट आहे, ती त्यांना माहीत नसली तरी मी सांगतो. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मांडलं की लहानपणी जंतुसंसर्ग कमी झालेल्या मुलांत शिंकांची, गवतपरागाची ॲलर्जी जास्त दिसते. पुढे युरोपातल्या गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांना दमा कमी होतो हेही पुष्कळांनी दाखवलं. झालं ना सिद्ध? थांबा. 2016 मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना प्रसिद्ध झाली: आमिश आणि हटराइट. दोघांचा वंश सारखा, खाणं बरंचसं सारखं, दोघंही शेतीच करतात. हटराइट मुलांत दम्याचं प्रमाण आमिश मुलांच्या चौपट. फरक एवढाच की आमिशांकडे घराला लागून गोठा आणि घोड्याचा नांगर, हटराइटांकडे घरापासून दूर मोठी यांत्रिक शेती. म्हणजे शेतकरी असणं पुरेसं नाही, पोरगं रांगतं असताना गोठ्यात हवं. आता आपल्या गावात फेरी मारा आणि मोजा, किती उंबऱ्यांना गोठा लागून आहे. ट्रॅक्टर दारात, दूध पिशवीतलं, आणि तोंडानं मात्र आमिश! शिवाय हे सगळं आयजीईच्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या, शिंका-दम्याच्या ॲलर्जीबद्दल आहे. गाजर गवताचा चौथा प्रकार तुमच्या गोठ्याला विचारत नाही. एवढी सवलत दिली, याहून जास्त मिळणार नाही.

दुसरा पक्ष बाकी राहिला. तो पहिल्यापेक्षा सुशिक्षित आहे आणि म्हणून जास्त महाग आहे. हा म्हणतो, ॲलर्जी असते, सगळ्यांना असते, कशाचीही असते. रक्त द्या, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट. तात्यांचंही झालं. एका प्रयोगशाळेनं चार पानांचा रंगीत कागद दिला. एकूण आयजीई नॉर्मल. मुलगा म्हणाला, "बघा, ॲलर्जी नाहीच." पुन्हा वर्ष गेलं.

सातबारा हवा असेल तर तलाठ्याकडे जातो, जन्माचा दाखला हवा असेल तर ग्रामपंचायतीत, मोजणीचा नकाशा हवा असेल तर भूमी अभिलेखात. ग्रामसेवकाकडे सातबारा मागून तो मिळाला नाही म्हणून कुणी "मला जमीनच नाही" असं ठरवत नाही. पण शरीराच्या बाबतीत आपण हेच करतो. शिंका, दमा, गांधी, गांधीलमाशी यांचा कागद आयजीईच्या दप्तरात असतो. तो रक्तात मिळतो, किंवा हाताच्या आतल्या बाजूला द्रावणाचे थेंब ठेवून त्यातून टोचणीनं हलकेच टोचून मिळतो: पंधरा-वीस मिनिटांत गाठ उठते, शेजारी हिस्टामिनचा एक आणि साध्या खारट पाण्याचा एक असे दोन थेंब साक्षीला ठेवलेले असतात, आणि पाण्याच्या थेंबापेक्षा तीन मिलिमीटरनं मोठी गाठ असेल तरच ती मोजतात. आधी आठवडाभर एव्हिल-सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर साक्षीदारच झोपतो. गाजर गवताच्या दाहाचा कागद या दप्तरात नाहीच. तो टी-पेशींकडे आहे, आणि टी-पेशींची साक्ष पाठीच्या कातडीवरच घ्यावी लागते.

ती साक्ष मी समोर बसून पाहिली. शेवटी एका मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या बाईंनी तात्यांना पाठमोरं बसवलं. पाठीवर चिकटपट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टीवर ॲल्युमिनियमच्या बटणाएवढ्या वाट्या, प्रत्येक वाटीत वेगळं द्रव्य: निकेल, सिमेंटमधलं क्रोमेट, केस काळे करायच्या रंगातलं द्रव्य, सुगंधी द्रव्यं, रबर, आणि एका वाटीत गाजर गवत. भारतात वापरतात त्या नेहमीच्या संचात त्याला मानाची जागा आहे. पेनानं खुणा केल्या. दोन दिवस पाठीला पाणी नाही, घाम येईल असं काम नाही. "म्हणजे बाजारात बसून गप्पाच मारायच्या," तात्या म्हणाले. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. बारा-पंधरा घरं कोरी. एकाच घरात लाल, फुगलेला, वर बारीक फोड आलेला गोल. बाईंनी खुणेचा कागद पाहिला आणि विचारलं, "रानात शेवंती करता का?" तिच्या कुळातलं गाजर गवत आहे, एकाला चिडलेली कातडी दुसरीलाही चिडू शकते, म्हणून विचारलं.

मला त्या लाल घरापेक्षा कोरी घरं जास्त बोलकी वाटली. नाजूक शरीराला सगळंच बोचतं म्हणता ना? मग निकेल का बोचलं नाही? रबर का नाही? सुगंध का नाही? इतक्या परक्या गोष्टी दोन दिवस पाठीवर घेऊन तात्यांचं कातडं स्वस्थ बसलं आणि ज्याच्याशी तीस वर्षं हातघाईची ओळख होती त्या एकावरच उठलं. हा नाजूकपणा आहे की नेम?

ही पाठीवरची चाचणी 1895 मध्ये जोसेफ याडासोन नावाच्या जर्मन वैद्यानं मांडली. सव्वाशे वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. रंगीत रिपोर्ट नाही, मोबाइलवर येत नाही, दवाखान्यात तीन खेपा लागतात. म्हणूनच तिचं पॅकेज निघत नाही. पॅकेज कशाचं निघतं? दोनशे पदार्थांच्या आयजीजीचं. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्ला असल्याची शरीरानं दिलेली पावती. त्या पावत्या लाल रंगात छापून "तुम्हाला ज्वारी चालत नाही" असं सांगणारा कागद मी आमच्याच तालुक्यातल्या एका माणसाच्या हातात पाहिलाय. पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर जगलेल्या माणसाला! त्यानं दोन महिने भाकरी सोडली. खाज गेली का? नाही. वजन गेलं.

आणि प्रत्येक डाग ॲलर्जीचा नसतो, हेही श्रीगोंद्याच्या लिंबूवाल्यांना सांगायला हवं. उन्हात बसून लिंबं निवडणाऱ्या बायकांच्या मनगटावर, बोटांवर जे तपकिरी ओघळ उमटतात, कधी फोडही येतात, ते लिंबाच्या सालीतली द्रव्यं आणि ऊन यांचं काम आहे. त्यात प्रतिकारशक्तीचा हात नाही, आधीच्या ओळखीची गरज नाही. पुरेसा रस आणि पुरेसं ऊन असेल तर कुणाच्याही कातडीवर होईल. तिथे चाचणी कसलीही करू नका, हात धुवा आणि सावलीत बसा.

"एक सुई मारली की गुण येतो" हा शेवटचा बुरूज. येतो ना! तात्यांनाही यायचा. पंधरा दिवस. स्टेरॉइड टी-पेशींच्या तोंडावर हात ठेवतं, त्यांची आठवण पुसत नाही. हात काढला की ओरडा पुन्हा सुरू. दर पंधरा दिवसांनी सुई घेणाऱ्याची साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, आणि चेहऱ्यावर बेटनोवेट चोळणाऱ्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. ज्यांचं फार बळावलंय त्यांना ॲझाथायोप्रिनसारखी औषधं देतात, रक्ताच्या तपासण्यांवर लक्ष ठेवून. तीही गवतापासून लांब राहिलं तरच पुरी पडतात. आणि गवतापासून लांब म्हणजे कुठे? शेतकऱ्यानं शेतापासून लांब? शिंकणाऱ्या पोराला मांजर सोडता येतं. ॲलर्जी नाजूक शहरी माणसाची चैन आहे म्हणणाऱ्यांनी हा एक हिशोब करावा: ज्या कामावर घर चालतं तेच काम ज्याला वर्ज्य, त्याच्याइतकं महाग दुखणं कुठल्या फ्लॅटमध्ये आहे?

म्हणून पुन्हा सांगतो, आणि बाकड्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगतो. मातीतल्या माणसाला ॲलर्जी होते. तो मातीत आहे म्हणूनच होते. जो जितका खुरपतो, जितकी वर्षं खुरपतो, तितकी त्याच्या कातडीला ओळख पटायची संधी जास्त. ती त्याच्या दुबळेपणाची खूण नाही, ते त्याच्या कामाचं दुखणं आहे. कापूस पिंजणाऱ्याच्या छातीसारखं, गवंड्याच्या हातावरल्या सिमेंटच्या इसबासारखं. कारखान्यात झालं असतं तर भरपाईची भाषा निघाली असती. बांधावर झालं म्हणून त्याला नखरे म्हणतात.

दर वर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह असतो. मेक्सिकोतून आणलेल्या, पावसाळ्यात गवताचा फडशा पाडणाऱ्या भुंग्याची माहिती देतात, फुलोऱ्याआधी उपटा म्हणून सांगतात, हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, हेही सांगतात. मग शाळेची पोरं रांगेनं ओढ्याकाठी जातात आणि कोवळ्या उघड्या हातांनी गवत उपटतात. भारा छातीशी धरून फोटो निघतो. मागच्या वर्षी अशा एका रांगेपाशी मी गुरुजींना म्हटलं, मोजे द्या हो पोरांना, निदान प्लास्टिकच्या पिशव्या तरी बांधा हाताला. गुरुजी हसले. म्हणाले, "शेतकऱ्याची पोरं आहेत. मोजे घातले तर सवय कशी लागायची?"

लागते ना, गुरुजी. तात्यांना लागलीच की, बावन्नाव्या वर्षी.